नवी पेठेतला निळा कणा

सोलापूरच्या नवी पेठेत पायी शिरलात तर साड्यांच्या दुकानांच्या वर, विजेच्या तारांच्या गुंत्यामागे एक मोठा फलक दिसेल. काळ्या रंगावर निळ्या धाग्यांची एक उभी जुडी, कुठेकुठे लाल-हिरवी झाक आणि खाली ठळक अक्षरांत ‘आता तुमच्या नसाही दिसतात!’ बऱ्याच जणांना ती शालूची जाहिरात वाटते. एका बाईने तर माझ्यादेखत खालच्या दुकानात जाऊन ‘वरच्या फोटोतली निळी दाखवा’ म्हणून सांगितलं होतं. ती साडी नाही. तो एका माणसाचा मज्जारज्जू आहे आणि ते चित्र मी चालवत होते त्या मशीनवर निघालेलं आहे.

संपादक फोनवर म्हणाले, “बाई, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा. मशीनमध्ये घाबरणारे लोक वगैरे.” तसे लोक पुष्कळ आले. त्यांचं आधी सांगून टाकते, म्हणजे संपादकांचं काम झालं.

एमआरआय म्हणजे मोठं चुंबक. ते चोवीस तास चालू असतं, बटण बंद केलं म्हणून झोपत नाही. त्यामुळे खोलीत जाण्याआधी अंगावरचं लोखंड बाहेर ठेवावं लागतं आणि आपल्या लोकांच्या अंगावर किती लोखंड असतं हे त्या दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पिना, चाव्या, चुन्याच्या डब्या, कमरेचे ताईत. एक आडत व्यापारी घोड्याच्या नालेची अंगठी काढायला तयार होईनात. साडेसाती चालू होती. “अंगठी काढली तर शनी धरतंय, न्हाय काढली तर तुमचं मशीन धरतंय. शनीचं तुमी बघून घेता का सांगा,” म्हणाले. शेवटी बायकोने ती अंगठी स्वतःच्या बोटात घातली आणि तेवढ्या वेळापुरती नवऱ्याची साडेसाती आपल्यावर घेऊन बाहेर बसली. एक पैलवान होते. बोगद्यात डोकं गेलं आणि त्यांनी अशी धडपड केली की टेबल गदगदा हललं. नंतर मला म्हणाले, “बाई, तालमीत कुणाला सांगू नका.” मी सांगितलं नाही. आता लिहिलं, पण नाव घातलेलं नाही.

झाल्या गमती.

आमच्या कामात पहिल्याच दिवशी एक वाक्य शिकवतात. ‘रिपोर्ट डॉक्टर सांगतील.’ टेक्निशियनने चित्र काढायचं, त्यातलं बोलायचं नाही. नियम बरोबर आहे, अर्धवट बोलून माणसं घाबरवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. पण चित्र सगळ्यांत आधी आम्हाला दिसतं. काचेपलीकडे माणूस अजून झोपलेला असतो, त्याची बायको माझ्या तोंडाकडे टक लावून असते आणि मला समोरच्या पडद्यावर तिचं पुढचं आयुष्य दिसत असतं. अशा वेळी चेहरा दगडाचा ठेवावा लागतो. माझा इतका चांगला जमला की घरीही तसाच राहायला लागला. घरच्यांनी सवय करून घेतली.

आता त्या निळ्या धाग्यांविषयी. मेंदूपासून कमरेपर्यंत मणक्यांच्या आतून करंगळीएवढी जाड दोरी जाते, तो मज्जारज्जू. पाय उचल हा हुकूम त्यातून खाली जातो, पाय भाजला ही तक्रार वर येते. साध्या एमआरआयमध्ये तो राखाडी पट्टा दिसतो. आतले मार्ग दिसत नाहीत. मग एक नवी पद्धत आली. नसेच्या तंतूत पाणी असतं आणि ते आडवं सरकण्यापेक्षा तंतूच्या लांबीने जास्त सहज सरकतं. मशीन प्रत्येक ठिपक्यात पाण्याचा कल कुठल्या दिशेला आहे ते मोजतं आणि कॉम्प्युटर ठिपक्याला ठिपका जोडत रेषा ओढतो. वर-खाली जाणारी रेषा निळी, डावी-उजवी लाल, पुढे-मागे हिरवी. हे रंग माणसांनी ठरवलेले आहेत. नस निळी नसते.

थोडक्यात, पडद्यावरचा धागा हा धागा नाही. इथे धागा असावा, असा हिशेब आहे. त्यात मज्जारज्जू फार अवघड. बारीक, भोवती पाणी, ते हृदयाच्या ठोक्यागणिक हलणारं, शेजारी छाती श्वासाने वरखाली. पेशंटने आवंढा गिळला तरी चित्र फिसकटतं. आणखी एक खुंटी कॉम्प्युटरमध्ये असते. ती घट्ट पिळली तर तो जरा शंका आली की रेषा थांबवतो. सैल सोडली तर शंका आली तरी रेषा पुढे दामटतो. सैल सोडून मी भोपळ्यातूनही नसा काढून दाखवीन.

हे सगळं मी मन लावून शिकले. मोठ्या शहरात संशोधनासाठी वापरतात ती पद्धत सोलापुरात आपण चालवतो याचा मला गर्व होता. सेंटरचे मालक डॉक्टर, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनाही गर्व होता, पण वेगळ्या गोष्टीचा. बाकीच्या सेंटरांतून काळी-पांढरी फिल्म मिळायची, आमच्याकडून रंगीत चित्र. सरांनी ते जाड चकचकीत कागदावर छापून रिपोर्टबरोबर द्यायला सुरुवात केली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

त्याच सुमारास श्रीनिवास आला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शेडचे पत्रे बसवताना तो खाली पडला होता. हात शाबूत, डोकं शाबूत, छातीखाली काही नाही. मणका जागेवरून सरकला नव्हता, म्हणून सर्जननी सळया घातल्या नव्हत्या. धातू नसल्यामुळे चित्र काढता येणार होतं. त्याला आणलं त्याच्या वडिलांनी. नरसय्या मामा, पूर्व भागातले पद्मशाली, जन्म मागावर गेलेला. चादरी, टॉवेल, जे सांगाल ते विणलेलं. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. पोरगा त्यांना नायना म्हणायचा.

श्रीनिवास हलला नाही. म्हणजे पाय हलणारच नव्हते, पण तो आवंढासुद्धा मी सांगेन तेव्हाच गिळत होता. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं स्वच्छ चित्र निघालं नाही. खुंटी मी जिथे ठेवायला हवी तिथेच ठेवली होती. वरून निळी जुडी सरळ येत होती, जखमेपाशी विस्कटत होती, बहुतेक धागे तिथेच संपत होते. कडेने मोजके काही पार झाले होते. ते खरे होते की सुजेतल्या पाण्याने दिलेला चकवा होता, हे देवाला ठाऊक. रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं होतं की इजा गंभीर आहे आणि पाय परत येण्याची शक्यता फार कमी. पण रिपोर्ट इंग्रजीत होता आणि चित्र चकचकीत होतं.

नरसय्या मामांनी चित्र खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरपं धरलं आणि त्यांचा चेहराच पालटला.

“बाई, हा तर ताणा हाय की! मागावरचं उभं सूत!”

मी म्हणाले, “रिपोर्ट डॉक्टर सांगतील, मामा.”

“ते सांगू दे वो. मला दिसतंय की. हे तुटल्यात. पण हे बगा, ह्या कडंचे पार गेल्यात. समदा ताणा गेलेला न्हाय.” त्यांनी बोटाने कागदावर वरून खाली धागे चाचपले. “तुटलेलं सांधतंय हो. रोज सांधताव आमी.”

सरांनी त्यांना रिपोर्ट समजावून सांगितला, नाही असं नाही. शेवटी मात्र पाठीवर हात ठेवून म्हणाले, “काही धागे शिल्लक आहेत, आशा ठेवा.” मामांनी पहिलं सगळं सोडलं आणि एवढंच घरी नेलं.

पुढे काय झालं ते मला शेख यांच्याकडून कळलं. शेख फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन व्यायाम देणारे, आमच्या सेंटरवर नेहमी यायचे. एक दिवस आले ते माझ्यावर उखडूनच.

“बाई, तुमच्या त्या फोटोने माझी वाट लावली. बुढ्ढा मला पोराला हात लावू देत नाही.”

“का?”

“म्हणतो, मागावर धागा तुटला तर आधी माग बंद करतात. सांधल्याशिवाय चालू करत नाहीत. चालू ठेवला तर उरलेले धागेपण तुटतात. म्हणून पोरगा हलायचा नाही. कूस बदलायची नाही, बसवायचं नाही. व्हीलचेअरचं नाव काढलं तर मला दार दाखवलं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. मागाच्या बाबतीत मामांचं शंभर टक्के बरोबर होतं. आयुष्यभर ज्या शिस्तीने त्यांनी कापड राखलं, त्याच शिस्तीने ते पोराला राखत होते. पण ज्याला पाठीखालचं कळत नाही, त्याला एका अंगावर पाडून ठेवलं की कातडी सडते. दर थोड्या वेळाने कूस बदलावी लागते, हात मजबूत करावे लागतात, लवकरात लवकर खुर्चीत बसवावं लागतं. श्रीनिवासचे पाय गेलेच होते. प्रश्न उरलेल्या श्रीनिवासचा होता.

मी सरांकडे गेले. म्हटलं, चित्राखाली मराठीत एक ओळ छापू या, हा कॉम्प्युटरचा अंदाज आहे, यावरून नस चालू आहे असं समजू नये.

सर हसले. “बाई, औषधाच्या बाटलीवर विष म्हणून लिहायला सांगताय की काय? लोकांना बघून बरं वाटतं. तुमचं काय जातं?”



मग नियम गुंडाळून ठेवून मी मामांच्या घरी गेले. एका खोलीत माग, तो बंद, वर कापड टाकलेलं. दुसऱ्या खोलीत कॉट. भिंतीवर मार्कंडेय ऋषींच्या तसबिरीशेजारी माझं चित्र, काच लावून, चौकटीत. त्याला कुंकू लावलं होतं. माझ्या कामाला कोणी कुंकू लावेल असं मला कधी वाटलं नव्हतं आणि त्याची इतकी लाज वाटेल असंही नाही.

श्रीनिवास कॉटवर छताकडे बघत होता. मी मामांना समजावून सांगितलं, जसं वर तुम्हाला सांगितलं तसंच. पाणी, हिशेब, खुंटी. कुर्डुवाडीच्या एका माणसाचंही सांगितलं. तो आमच्याकडचाच जुना पेशंट, असाच पडून आला होता. आता स्टेशनजवळ खुर्चीत बसून मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकावर खेकसतोसुद्धा.

मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, तुमी बटन दाबताव. धाग्यातलं आमाला इचारा.”

“मामा, तो धागा नाहीये.”

“मग काय हाय?” त्यांचा आवाज चढला. “तुमीच काढला न्हवं फोटू? खोटा काढला व्हय? आन् माज्या पोराला खुर्चीत घालून दुकानावर बसवताव? आज बसला की मग कोन उठवनार हाय त्याला?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी चहा न घेता निघाले. माझ्याच चित्राला खोटं म्हणणं मला जमलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. ते फक्त कुणाच्या हातात द्यायच्या लायकीचं नव्हतं.

काही महिन्यांनी त्याला पुन्हा स्कॅनसाठी आणलं. मामांचाच हट्ट होता, कितपत सांधलं ते बघायचं. ॲम्ब्युलन्समधून टेबलावर घेताना चादर सरकली आणि वास आला. कमरेखालची जखम हाडापर्यंत गेली होती. मामा म्हणाले, “मलम लावताव. पन हलवलेलो न्हाय बगा, एक दिवसबी न्हाय.” अभिमानाने म्हणाले.

मधल्या काळात कंपनीच्या माणसाने येऊन मशीनमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. चित्र आपोआप तयार व्हायचं, खुंटी आधीच ठरवलेली, चांगली सैल. दिसायला देखणं.

श्रीनिवास आत गेला. दोन स्कॅनच्या मध्ये मशीन शांत असतं, तेव्हा माइकवरून पेशंटशी बोलता येतं. मामा बाहेर बाकावर होते. मी नेहमीचं विचारलं, “ठीक आहे ना?”

आतून आवाज आला, “म्याडम, एक विचारू का? यात काय न्हाय ना?”

मी बटणावरून बोट काढलं. पुन्हा ठेवलं. म्हणायचं वाक्य मला पाठ होतं. मी ते म्हणाले नाही. “नाही श्रीनिवास,” म्हणाले, “पाय येतील असं मला वाटत नाही. पण हात आहेत. खुर्चीत बस. आज बस. ती जखम फार वाईट आहे.”

“मला ठाऊक हाय. पडलो तवाच कळलतं.”

“मग का पडून राहिलास? बोलायचं नाही का वडिलांशी?”

“मी पडल्यापास्नं नायना जेवत नव्हते. नुसतं पाणी. तुमचा फोटू भिंतीवर लागला आन् त्या दिवशी जेवले. आता रोज जेवत्यात.” मग म्हणाला, “बसीन की खुर्चीत. जरा थांबा. त्यांचं मन घट्ट होऊ दे.”

“तुझ्याकडे तेवढा वेळ नाही.” हे मी ओरडून बोलले. माझ्या आवाजाने माइक करकरला.

“तुमी सांगू नका त्यांना. शब्द द्या म्याडम.”

त्याचा मला भयंकर राग आला. बापाच्या दोन घासांसाठी स्वतःची पाठ सडू देणाऱ्या पोराला काय म्हणायचं? पण तो आत पट्ट्यांत बांधलेला होता, दुसऱ्या कुणाला विचारण्याची सोय नव्हती आणि मागत होता तो एक शब्द. मी दिला.

चित्र आलं. मज्जारज्जूतल्या इजेतून निळे धागे धो-धो पार झाले होते. एक नसही उगवलेली नव्हती, फक्त खुंटी सैल होती. मी सरांना तसं सांगितलं. सर पडद्याकडे बघत म्हणाले, “सुंदर आलंय हो.” कमरेखालच्या जखमेकडे बघायला सर्जनना फोन करा म्हणून मी मागे लागले, तेवढं त्यांनी केलं. मामांनी बाहेर सगळ्या स्टाफला पेढे वाटले. मी माझा पेढा खाल्ला. तो कसा लागला हे लिहिण्याची माझी तयारी नाही.

जखमेचं विष अंगात भिनलं. दवाखान्यात ठेवला होता, पण उन्हाळा संपायच्या आत श्रीनिवास गेला. शेखनी मला सांगितलं आणि दोघंही सेंटरच्या जिन्यात बराच वेळ उभे राहिलो. ते शिवी द्यायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. द्यायची कुणाला?

सरांनी फलक लावला तो त्यानंतर. चित्र श्रीनिवासचंच, दुसऱ्या वेळचं, सैल खुंटीचं. नाव नाही, चेहरा नाही, म्हणून परवानगीची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, “तो मुलगा गेला, सर.” ते म्हणाले, “चित्रात काय कळतंय ते?” पुढे मी निवृत्त झाले. निरोपाला मला शाल, नारळ आणि तेच चित्र चौकटीत घालून दिलं. चौकट मी माळ्यावर टाकली आहे, तोंड भिंतीकडे करून.

फलकावरचं चित्र कुणाचं आहे हे फक्त सरांना आणि मला ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

परवा नवी पेठेत गेले होते, दिवाळीच्या खरेदीची गर्दी. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभा होता, हटत नव्हता. मी हात धरून बाजूला घेतलं, तर नरसय्या मामा. बरेच वाळले होते. मला लगेच ओळखलं.

“बाई, बघितला का? आमचा शीनू हाय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? ह्यो डाव्या अंगाचा धागा बगा, वर जरा वाकडा हाय. पयल्या फोटूतबी तसाच होता. आपला ताणा आपल्याला कळत न्हाय व्हय?” ते वर बघत राहिले. “रोज येतो मी. आन् बगा की, आता एकबी तुटलेला न्हाय. समदे सांधलते. जरा टाइम मिळाला असता तर उठला असता. व्हय न्हवं?”

मागून माणसं धक्के देत जात होती. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग त्यांनी जे विचारलं ते हळू आवाजात विचारलं, माझ्याकडे न बघता.

“शेख म्हनायचा, हलवा, हलवा. मी हलवलो न्हाय. बरंच केलो की, न्हाय बाई?”

खरं काय ते मला माहीत होतं. सांगणारा डॉक्टर तिथे कुणी नव्हता. शब्द मी दिलेला होता, आणि ज्याला दिला तो वर तारांच्या मागे निळा लटकत होता.

“व्हय मामा,” मी म्हणाले. “बरंच केलंत.”

त्यांनी मनगट सोडलं. “आता जाऊन जेवतो,” म्हणाले आणि गर्दीत शिरले.